राखून ठेवलेला पाय

परवा कनेरगाव नाक्याहून एक माणूस आला. हिंगोलीला एक एसटी बदलून, वसमतला दुसरी बदलून, एक हात कमरेवर आणि एक हात गुडघ्यावर ठेवून दारात उभा. मी ओसरीत बाजेवर बसलो होतो. म्हणला, "पायाळू बाई हायेत का घरी?" मी म्हणलं, "गेली ती." तर म्हणला, "येईस्तोवर थांबतो मंग." म्हणलं, "थांबून काय उपयोग न्हाई बाबा. महिना होऊन गेला तिला जाऊन." मग त्याला कळलं. त्याला वाईट वाटलं. खाली बसून दोन शब्द बोलावं तर बसता येईना, आणि उभं राहावं तर सरळ होता येईना. असा अर्ध्यात वाकून दुखवटा करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "बाईचं नाव काय होतं हो?" … आणि मला एकदम चमकलं, की इतकी वर्षं इतक्या गावचे लोक येऊन गेले, पण तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. सगळे पायाळू बाईच म्हणायचे. म्हणून हे लिहायला घेतलं. पोरगा सुधाकर नांदेडला नोकरीला असतो. तो म्हणला, "अण्णा, तुमी सांगा, मी लिहून देतो." मी म्हणलं, माझ्या बायकोचं मीच लिहीन. माझी शाळा चौथीची. शुद्ध-अशुद्ध काय ते पेपरवाले बघतील.

तिचं नाव द्रुपदा. माहेर पुसेगावचं, सेनगाव तालुक्यातलं. सासर हे आमचं कुरुंद्याजवळचं गाव. जन्मताना डोक्याच्या आधी पाय आले, म्हणून पायाळू. आपल्याकडं समजूत अशी, की कमरेत लचक भरली, उसण भरली, तर पायाळू माणसानं पाय लावला की ती उतरते. आणि दुसरी समजूत अशी, की पायाळू माणसावर वीज पडते. पहिल्या समजुतीपायी लोक तिला शोधत यायचे आणि दुसरीपायी तेच लोक तिच्यापासून लांब पळायचे. हळदीच्या खुरपणीत आभाळ भरून आलं, की बायका लिंबाखाली गोळा व्हायच्या आणि तिला म्हणायच्या, "द्रुपदे, तू जरा तिकडं उभी ऱ्हाय माय." ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहायची, डोक्यावर पोतं घेऊन, एकटीच. एकदा मी ते पाहिलं. चिखलातून गेलो आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. म्हणली, "तुमी काहून आले? जा की झाडाखाली." म्हणलं, "न्हाई जात." "वीज पडंल." "पडू दे. बघू तरी जास्त आडमुठं कोण हाये, वीज का मी." ती हसली नाही. पोत्याचा एक कोपरा ओढून तेवढा माझ्या डोक्यावर दिला. पोतं आधीच भिजलेलं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. पण पाऊस थांबेपर्यंत दोघांपैकी कुणी ते काढलं नाही.

तिच्या पाय लावायची रीत ठरलेली होती. आमच्या ओसरीला मधोमध एकच खांब आहे, सागाचा. लचक भरलेल्या माणसानं खांबापाशी पालथं झोपायचं. ती पाय धुऊन यायची, डाव्या हातानं खांब धरायची आणि उजवा पाय त्याच्या कमरेवर टेकवायची. तवा तापला का नाही ते बघायला बोट लावतो ना, बस तितकाच. असं तीनदा. मग म्हणायची, "उठा. मागं न बघता जा." कुणाकडून काही घेणं नाही. घेतलं की गुण जातो म्हणायची. वसमतच्या मोंढ्यातले हमाल यायचे, शाळेचे मास्तर यायचे, बाळंतीण होऊन माहेरी आलेल्या लेकी यायच्या. एकदा एक फौजदार आला आणि पट्टा काढून निमूट पालथा पडला. माझा शेजारी तुळशीराम तवा दारात उभा होता. म्हणला, "वहिनी, जरा जोरात लावा. असा मौका गावाला पुन्हा यायचा न्हाई." फौजदार पालथ्यापालथ्या हसला आणि हसल्यामुळंच कळ येऊन ओरडला. गावात पुढं कितीतरी दिवस तेच चाललं.

माझी कंबर गेली ती हळदीनंच. हळद शिजवायचे दिवस होते. उकळत्या कढईतून हळदीचा भरलेला डबा दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा असतो. समोरच्या गड्याचा हात निसटला आणि सगळं वजन माझ्यावर आलं. सोडून दिला असता तर गड्याच्या पायावर उकळतं पाणी गेलं असतं. म्हणून धरला. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तिथून डाव्या पायात, पार टाचेपर्यंत, विस्तवाची रेघ गेली. त्या दिवसापासून ती रेघ माझ्यासंगं राहायला आली. बसलं की दुखतं, उभं राहिलं की दुखतं, शिंकलं की डोळ्यापुढं अंधारी. आणि घरात कोण, तर गावोगावच्या कमरेवर पाय लावणारी बायको! तुळशीराम म्हणायचा, "काय गड्या, घरात इहीर अन् मालक तान्हेला." पण बायकोनं नवऱ्याला पाय लावायचा नसतो. बाजेवरून उतरताना चुकून तिचा अंगठा मला लागला, तरी ती वाकून पाया पडायची. त्यामुळं तिनं कधी विषय काढला नाही. आणि मी तर काढणारच नव्हतो. मी लोकांसमोर म्हणायचो, "लाथेनं मणका बसत असता तर डॉक्टर उपाशी मेले असते." ती ऐकायची आणि आपलं काम करत राहायची.

पहिलं ऑपरेशन झालं तवा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे, तिच्याखाली नस दबली आहे, ती मोकळी करू. द्रुपदा माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. समोरच्या पेशंटच्या सोबतीला राहिलेली म्हातारी फरशीवर झोपून झोपून आखडली, तर ही गेली हळूच तिच्यापाशी. दुसऱ्यांदा पाय टेकवला आणि नर्स आली. "मावशी, हे काय चाललंय?" ही म्हणती, "काय न्हाई बाई, पाय मुंग्यानं भरलाय, झटकून राहिले." नर्सनं चांगलं झापलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणली, "आता घरी जाईस्तोवर ह्यो पाय सुट्टीवर." टाके ताजे होते, हसता येत नव्हतं. तरी हसलो.

त्या ऑपरेशननं गुण आला, ते मी नाकारत नाही. दोन-तीन वर्षं तर मी विसरूनच गेलो होतो की मला कंबर आहे. सुधाकरच्या लग्नात वरातीपुढं नाचलो. मग एका हिवाळ्यात ती रेघ परत आली. सुरुवातीला मी कुणाला सांगितलं नाही. पण एक दिवस शेतातून येताना द्रुपदानं मागून हाक मारली. बघतो तर तिच्या हातात माझी डावी चप्पल. पायातून कवा गळून पडली ते मला कळलंच नव्हतं! पाऊल बधिर होऊन गेलं होतं. तिनं चप्पल पायापुढं ठेवली, वाकली तशी माझ्या टाचेला हात लावून बघितला आणि चालायला लागली. त्यानंतर रस्त्यानं ती कायम माझ्या मागून चालायची. लोकांना वाटायचं, जुन्या चालीची बाई आहे, नवऱ्याच्या मागं चालते. ती चप्पल उचलायला चालायची.

पुन्हा नांदेड, पुन्हा मोठ्या मशीनमधला फोटो. डॉक्टर माणूस सरळ होता. म्हणला, "काका, परत उघडावं लागेल. पण पहिल्या वेळेसारखी खात्री मी देत नाही. जुन्या जखमेचं आत घट्ट झालेलं असतं, त्यातून नस सोडवत जावं लागतं. दुखणं कमी होईल, कदाचित होणारही नाही. मात्र असंच ठेवलं तर पायातली ताकद हळूहळू जाईल. घाई नाही, पण फार उशीरही करू नका." घाई नाही आणि उशीर नको… या दोन शब्दांच्या मधे मी कितीक वर्षं काढली. सुधाकर म्हणायचा करून टाका. सून म्हणायची करून टाका. गावात ज्याला विचारलं नाही तो पण सांगायचा, अमक्याच्या मेव्हण्यानं दुसऱ्यांदा केलं आणि तो खाटेवरच राहिला, तमक्याचा सासरा केल्यावर सायकल चालवू लागला. मी सगळ्यांना एकच सांगायचो, कंबर माझी आहे, मी बघीन. एकटी द्रुपदा काही म्हणायची नाही. आणि मला तिचंच ऐकायचं होतं.

एका दुपारी कुरुंद्याचा एक गडी लचक उतरवून सरळ चालत गेला. ती खांबापाशीच बसून सुपात डाळ निवडू लागली. मी तिच्याकडं न बघता म्हणलं, "माझ्या बी पाठीला लाव एकदा."

"काय?"

"बहिरी झालीस का? पाय लाव म्हणलं."

आता हे बोलायला मला किती जड गेलं असेल, ते ज्याला मी माहीत आहे त्यालाच कळेल. तिचा हात सुपात तसाच थांबला. म्हणली, "पाप लागतंय."

"पाप माझ्या नावावर लाव."

"तसं नसतंय ते."

"मग कसं असतंय?"

तिनं डाळीतला खडा काढून अंगणात फेकला. मग म्हणली, "आवं, हे लोकं येतेत ना, त्यांची लचक दोन-चार रोजात तशी बी उतरतीच. कुणी पाय लावो न लावो. मला काय कळत न्हाई व्हय? कुणीतरी आपल्या दुखण्याला शिवलं, एवढंच बरं वाटतंय माणसाला. तुमची लचक न्हाई. तुमची नस हाये. म्या पाय लावला अन् काहीच झालं न्हाई, तर?"

"तर काय? काय बिघडलं?"

"मग तुमच्यासाठी माझ्यापाशी काय ऱ्हाईलं?"

 मला वाटत होतं ती पापाला भिते. ती तर पाय राखून ठेवत होती. मग तिनंच सांगितलं, "आधी तुमी ऑपरेशन करा. त्यानं न्हाई जमलं तर मी हायेच. तवा लावते. पाप लागलं तर लागलं."

मी म्हणलं, "न्हाई. आधी तू लाव. तुझ्यानं न्हाई झालं, तर मग दवाखाना."

"न्हाई. आधी तुमी."

"आधी तू."

तिथंच ते अडकलं. मी मनाशी विचार केला, तवा कळलं की माझंही तेच चाललं आहे. चिरफाडीला मी भीत नव्हतो. पण दुसरं ऑपरेशन करून बसलो आणि गुण नाही आला, तर पुढं काय? जोवर केलेलं नाही, तोवर एक इलाज शिल्लक आहे. आमच्याकडं हळदीचं बेणं असतं, पुढच्या लागवडीसाठी वेगळं काढलेलं. कितीही नड येऊ द्या, ते कुणी शिजवत नाही. झाकून, राखून ठेवतात. तसं तिनं तिचा पाय राखला होता आणि मी माझं ऑपरेशन. दोघंही शेतकरी, तरी दोघांच्या ध्यानात आलं नाही, की बेणं वेळेत लावलं नाही तर ते ठेवल्या जागी सुकून जातं.

मग तो आमचा रोजचा खेळ झाला. सकाळी ती चहाची कपबशी माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "जाता का नांदेडला?" मी विचारायचो, "लावती का पाय?" "न्हाई." "मग मी बी न्हाई." आणि दोघं चहा प्यायचो. पण या दोन 'न्हाई'च्या आडून ती काय काय करत होती! मला वाकावं लागू नये म्हणून बाजेखाली विटा घातल्या. बादली, तंबाखूची पिशवी, टॉवेल, सगळं माझ्या कमरेच्या उंचीला खुंट्या ठोकून टांगलं. घर असं दिसायचं, जसं पूर येऊन गेला आहे आणि सामान कुणी वर चढवून ठेवलं आहे. पाय धुवायला पाणी ती ओतायची, पायजम्याची नाडी मी बांधायचो, पण पायजमा पायात ती घालायची. मी चिडायचो. दुखणं माणसाला चिडकं करतं, आणि मी मुळातच काही गोड नव्हतो. एकदा रागानं म्हणलं, "मी काय लेकरू हाये काय?" तर म्हणली, "लेकरू बरं. सांगितलेलं ऐकतं तरी."

त्या सकाळी चहाचा वास आला, पण चहा आला नाही. मी बाजेवर बसून तिच्या सवालाची वाट बघत होतो. हाक मारली. परत मारली. भिंत धरधरून आत गेलो. ती चुलीपुढं बसलेलीच होती, भिंतीला टेकून, मान एका बाजूला. मला वाकता येईना. गुडघे टेकायला गेलो तर तिच्याजवळ जाऊन आडवाच पडलो. तिला हलवलं. उचलून बाहेर न्यावं म्हणून हात घातला… नुसता हातच घातला. मी हळदीची पोती पाठीवर घेतलेला माणूस, आणि ती तर मूठभर बाई. मग ओरडलो. तुळशीराम पळत आला. त्यानं आणि त्याच्या पोरांनी आधी तिला उचललं, मग मला.

ओसरीत तिला ठेवलं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिच्या पायाला हळद लावली, कुंकू लावलं. आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. हमाल आले, मास्तर आले. एकेक जण वाकून तिच्या उजव्या पायाला हात लावायचा. कुणी कपाळ टेकवायचं. लिंबाखालून तिला हाकलणाऱ्या बायका पण वाकल्या. मी खांब धरून उभा होतो, धरलं नसतं तर पडलो असतो. रीतीप्रमाणं नवरा बायकोच्या पाया पडत नाही, आणि मला रीतीची पर्वा नव्हती तरी वाकता कुठं येत होतं? सगळं गाव तिच्या पायाला शिवलं. मी तेवढा राहिलो. तवा माझ्या हाताला खांबावर एक जागा लागली. बाकीचा खांब खरबरीत, तेवढीच जागा गुळगुळीत, तेल लावल्यासारखी, बोटं बसतील अशी. इतकी वर्षं त्या खांबाशेजारी बसलो, पण मी ती कधी बघितली नव्हती.

तर तो कनेरगाव नाक्याचा माणूस. त्याला तसाच परत पाठवायला जीव होईना. म्हणलं, "इथं खांबापाशी लोकं झोपायचे. टेकायचं तर टेक घडीभर." तो पालथा झोपला, गाल जमिनीला लावून, डोळे मिटून. मी बाजेवर, तो खाली.  थोड्या वेळानं कण्हत उठला, म्हणला, "बरं वाटून राह्यलं जरासं." मी म्हणलं, "मागं न बघता जा." पण त्याला रीत माहीत नव्हती. फाटकापर्यंत दोनदा मागं वळून बघत गेला.

तो गेल्यावर घरात पुन्हा आवाज नाही. मी बाजेवरून उतरलो, खांब धरत धरत खाली झालो आणि त्या जागी पालथा झोपलो. सगळा मुलूख तिथं झोपून गेला, मी कधी झोपलो नव्हतो. ती गेल्यापासून ओसरी सारवलेली नाही, मातीचे पोपडे सुटले आहेत, ते गालाला टोचत होते. पाठीवर काही टेकेल असं मला वाटलं, असं मी लिहिणार नाही. मी तसला माणूस नाही. पण उठायची घाईही केली नाही. मग उठायला लागलो, तर उठता येईना, आणि हाक मारायला कोणी नव्हतं. खांबाला हात घातला. हात आपोआप त्या गुळगुळीत जागेवर गेला. ती बुटकी होती, त्यामुळं ती जागा बेताच्या उंचीला आहे. खालून धरून उठणाऱ्याला बराबर पुरते.

सुधाकरला फोन लावून सांगितलं, "डॉक्टरची तारीख घे." त्याला खरं वाटेना. "अण्णा, खरंच?" म्हणलं, "खरंच. अन् तुला ओसरीत फरशी बसवायची हाये ना, बसव. पण खांबाला हात लावू नको." म्हणला, "त्याचं काय काम पडतंय आता?" म्हणलं, "दवाखान्यातून आल्यावर धरायला लागतो."

सकाळचा चहा आता मीच करतो. कपबशी घेऊन खांबापाशी उभा राहतो, कारण बसलं की उठणं अवघड. "आधी तुमी," असं तिचं म्हणणं होतं. ठीक आहे, जातो आधी. न्हाई जमलं तर…

खांबावरची ती जागा मी रोज हातानं पुसून घेतो.